मोटारखान्यातील ऊब

ग्वाल्हेर-इंदूरकडील थंडी मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाची आहे. पौषात ग्वाल्हेरला पारा कधी कधी तीन-चार अंशांपर्यंत उतरतो आणि पहाटे दहा लाथा बसल्यावाचून स्कूटर जागी होत नाही. परंतु याच गावांतून शिकून अमेरिकेस व कॅनडास गेलेल्या मुलांकडे जे आईवडील हिवाळ्यात राहावयास जातात, त्यांना थंडी या शब्दाचा अर्थ नव्याने शिकावा लागतो. २०१९ च्या जानेवारीअखेर मिनेसोटा राज्यातील मिनीॲपोलिस येथे पारा शून्याखाली तेहतीस अंश सेल्सिअसपर्यंत गेला होता. अशा थंडीत इंजिनातील तेल काकवीसारखे घट्ट होते, बॅटरीचे बळ निम्म्याहून खाली येते, आणि ओलसर हाताने लोखंडी पाना उचलला तर कातडी त्याला चिकटते.

तिकडच्या घराला मोटारखाना म्हणजे गॅरेज बहुधा असतेच, आणि त्यात मोटारीखेरीज सर्व काही असते. सुताराची हत्यारे, सायकली, रंगाचे डबे, गवत कापण्याचे यंत्र आणि गृहस्थाने उन्हाळ्यात अर्धवट सोडलेले एखादे टेबल. हे टेबल हिवाळ्यात पुरे करावे म्हणून तो एखाद्या शनिवारी गॅरेजमध्ये जातो, दहा मिनिटांत बोटे बधिर होऊन परत येतो, आणि विजेचा हीटर बसविण्याचा विचार त्या घरात सुरू होतो.

हिवाळ्यात मोटार सुरू व्हावी एवढाच हेतू असेल, तर मात्र सबंध खोली तापविण्याचे कारण नाही. नॉर्थ डाकोटातील ग्रँड फोर्क्स येथे वीज सहकारी संस्थेचे काम पाहणाऱ्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनच तापविणारा एक छोटा हीटर तयार केला आणि १९४९ साली त्याचे पेटंट मिळविले. रात्री त्याची तार भिंतीतील प्लगला जोडून ठेवली की सकाळी इंजिन निमूट सुरू होते. उत्तरेकडील थंड प्रांतांत मोटारीच्या तोंडातून लोंबणारी विजेची पिन दिसते ती याच युक्तीची. शिवाय गॅरेज उबदार असणे मोटारीच्या हिताचेच असते असेही नाही. रस्त्यावर पसरलेले मीठ बर्फाबरोबर चाकांना व तळाला चिकटून घरी येते. उबेत ते विरघळते आणि पत्रा गंजण्याचे काम अधिक वेगाने चालते. तेव्हा हीटर हवा असतो तो माणसासाठी, आणि ते मनाशी कबूल केले की पुढचा हिशेब सोपा होतो.

पहिला मोह असतो तो दुकानातून एक सुटा हीटर आणून प्लगला लावण्याचा. त्याने फारसे काही साधत नाही. तिकडे घरातील साध्या प्लगला एकशेवीस व्होल्टची वीज मिळते, आपल्याकडील दोनशेतीसच्या जवळजवळ निम्मी. त्यामुळे असा सुटा हीटर पंधराशे वॅटच्या पुढे जात नाही, आणि एवढ्यासाठीही साडेबारा अँपिअर प्रवाह लागतो. न्हाणीघर तापेल एवढी ही ऊब. दोन मोटारींच्या गॅरेजमध्ये ती समईपुढे हात धरल्यासारखी वाटते. त्यातच तार पुरत नाही म्हणून पातळ जोडतार लावली जाते, तिच्यावर सतरंजी किंवा खोके पडते, आणि तार आतल्या आत तापत राहते. हीटरने लागणाऱ्या आगीची सुरुवात पुष्कळदा हीटरपासून नव्हे, तर अशा तारेपासून होते.

हीटर आणण्यापूर्वी गॅरेजला गोधडी पांघरली पाहिजे. गोधडी स्वतः गरम नसते. तिच्या थरांत अडकलेली हवा अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. भिंतीच्या लाकडी चौकटीत भरलेले काचतंतूंचे गादले तेच काम करते. त्याच्या आतल्या, म्हणजे उबेकडील बाजूस प्लॅस्टिकचा पडदा लावतात, नाहीतर खोलीतील बाष्प भिंतीत शिरून तिथे गोठते आणि लाकूड कुजते. छताकडे दुर्लक्ष करू नये, कारण ऊन हवा वर जाते. सर्वांत मोठा चोर मात्र गॅरेजचा दरवाजा होय. त्याच्या खालची रबरी पट्टी झिजलेली असेल, तर अंगठा जाईल एवढ्या फटीतून रात्रभर वारा आत येतो आणि महागामोलाची ऊब अंगणात जाते. वीस डॉलरांची पट्टी न बदलता हजार डॉलरांचा हीटर बसविणारे लोक तिकडेही आहेत. शहाणपण कोणत्याही हवामानात सारखेच दुर्मिळ.

आता हीटरचे माप. चांगली गोधडी पांघरलेल्या आणि बेताच्या उंचीच्या गॅरेजला चौरस फुटास दहा वॅट, असा ढोबळ हिशेब धरतात. बावीस फूट लांब व बावीस फूट रुंद जागा म्हणजे चारशे चौऱ्याऐंशी चौरस फूट; तिला पाच हजार वॅटचा हीटर पुरतो. तो पूर्ण शक्तीने तासभर चालला की पाच युनिट वीज खर्च होते. एवढी शक्ती एकशेवीस व्होल्टवर मिळत नाही. परंतु तिकडच्या घरात रस्त्यावरून दोन जिवंत तारा आलेल्या असतात. प्रत्येक तार व न्यूट्रल यांमध्ये एकशेवीस, आणि त्या दोन तारांमध्ये दोनशेचाळीस व्होल्ट. हीटर या दोन तारांना जोडावयाचा. पाच हजारांस दोनशेचाळीसांनी भागले की सुमारे एकवीस अँपिअर येतात. हीटर तासन्‌तास चालणारा म्हणून नियमाप्रमाणे त्यात चतुर्थांश भर घालून सव्वीस धरावे लागतात, आणि म्हणून त्याला तीस अँपिअरचा दुहेरी ब्रेकर व दहा क्रमांकाची तांब्याची तार योग्य ठरते. तारेचा क्रमांक जितका मोठा तितकी तार बारीक, ही तिकडची उलटी रीत नवख्या माणसाने ध्यानात ठेवावी. चौदा क्रमांकाची तार दहापेक्षा जाड समजून जोडली, तर ब्रेकर निवांत राहील आणि तार भिंतीत जळेल.

हे काम कोणी करावे? अमेरिकेतील पुष्कळ गावांत घरमालकाला स्वतःच्या घरातील तारांचे काम परवाना घेऊन करता येते. भिंत बंद करण्यापूर्वी नगरपालिकेचा निरीक्षक येऊन पाहणी करतो. परवान्याचे शुल्क हा व्यर्थ भुर्दंड वाटतो खरा, परंतु दुसऱ्या जाणत्या माणसाचे डोळे त्या पैशांत मिळतात. ब्रेकरच्या पेटीत हात घालण्याचा ज्याला सराव नाही त्याने तेवढा भाग परवानाधारक वायरमनकडे सोपवावा, यात कमीपणा नाही. कारण मुख्य ब्रेकर बंद केला तरी रस्त्यावरून आलेल्या दोन तारा आणि त्यांचे स्क्रू जिवंतच राहतात. घरातला कोणताही खटका त्यांना मारू शकत नाही. पेटीत एवढा जादा भार घेण्याची ऐपत आहे की नाही हेही आधी मोजावे लागते. दोनशे अँपिअरच्या पेटीला सहसा अडचण नसते. जुन्या घरांतून साठ अँपिअरच्या पेट्या आढळतात, तेथे चूल, पाणी तापविण्याचे यंत्र आणि हीटर एकाच वेळी चालणे कठीण.

तार ओढताना एक बारकावा आहे. तिकडच्या केबलमध्ये एक तार काळी, एक पांढरी आणि एक उघडी तांब्याची असते. पांढरी एरवी न्यूट्रल. पण दोनशेचाळीस व्होल्टच्या हीटरला न्यूट्रल लागत नाही, म्हणून येथे पांढरीही जिवंत होते. तिच्या दोन्ही टोकांना काळी किंवा तांबडी फीत गुंडाळावीच लागते. ही फीत पाच पैशांची खरी, परंतु दहा वर्षांनी पेटी उघडणारा कोणी अनोळखी माणूस तिच्यामुळे जिवंत राहतो. उघडी तार अर्थिंगची. ती हीटरच्या लोखंडी कवचाला घट्ट बसली पाहिजे.

घट्ट हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. विजेचा प्रवाह तारेत जी उष्णता निर्माण करतो ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे इंग्लंडमधील जेम्स जूल यांनी १८४० च्या सुमारास दाखविले. हीटरच्या आतील निकेल-क्रोमियमची तार याच नियमाने तापते, आणि सैल बसलेला स्क्रूही याच नियमाने तापतो. त्या सांध्याचा विरोध एका ओहमचा दहावा हिस्सा जरी झाला, तरी एकवीस अँपिअरला तेथे चव्वेचाळीस वॅट उष्णता निर्माण होते. नखाएवढ्या जागेत एका डाग देण्याच्या कवियाची ही आच होय. ब्रेकरला यातील काही कळत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो.

हीटर टांगावयाचा तो उंचावर, छताजवळच्या कोपऱ्यात, झोत खोलीच्या मध्याकडे वळवून. भोवती किती जागा मोकळी सोडावी ते त्याच्या पत्रिकेत दिलेले असते. उंचीचे कारण केवळ सोय नव्हे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती फरशीवर पसरते, आणि शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही ठिणगीला पेट घेण्याइतकी निर्माण होते. म्हणून तापणारी व ठिणगी पाडणारी वस्तू जमिनीलगत ठेवू नये, आणि पेट्रोलचा डबा शक्य तर गॅरेजबाहेरच असावा.

विजेच्या हीटरच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट ही की त्यातून विषारी वायू निघत नाही. आपल्याकडे उत्तरेत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तिकडे तोच कार्बन मोनॉक्साइड बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेल्या मोटारीतून निघतो आणि दाराच्या फटीतून निजलेल्या घरात शिरतो. हीटर बसला म्हणून मोटार आत तापवीत ठेवण्याची सवय सुटतेच असे नाही. वायूची सूचना देणारी छोटी घंटा घरात लावावी ती याकरिता.

सर्व जोडून झाल्यावर हीटर प्रथम लावला की धुळीचा व तेलाचा जळका वास येतो. तो अर्ध्या तासात जातो. गेला नाही तर खटका बंद करावा. तासभर चालल्यावर ब्रेकरच्या बंद पेटीच्या झाकणावर हाताची पाठ ठेवून पाहावी: कोमट लागले तर चालेल, चटका बसता कामा नये. थर्मोस्टॅट पाच-सहा अंशांवर ठेवला की रंगाचे डबे गोठत नाहीत, आणि काम करावयाचे असेल त्या दिवशी तासभर आधी तो पंधरावर न्यावा. तेवढ्यात फरशी तापत नाही. पायांत लोकरी मोजे घालूनच त्या अर्धवट टेबलाशी जावे लागते.