दरिद्री देश, एड्सचें औषध व आपले गैरसमज

अज्ञानी मनुष्य निदान विचारतो. चुकीचें जाणणारा विचारावयाचेंच थांबतो. दरिद्री देशांतील एच.आय.व्ही.च्या रोग्यांना औषध पोंचविण्याच्या कामीं असें चुकीचें ज्ञान पुष्कळांच्या जिवावर बेतलें आहे. त्यांतील तीन समजुतींचा आज विचार करूं.

पहिली समजूत अशी कीं, हें औषध श्रीमंतांनाच परवडणारें आहे. तीन औषधांची संयुक्त उपचारपद्धति १९९६ सालीं पुढें आली, तेव्हां तिला एका रोग्यामागें वर्षाला १०,००० डॉलर किंवा त्याहून अधिक खर्च येई. पण हा खर्च औषध बनविण्याचा नव्हता. तो मुख्यतः पेटंटाच्या मक्त्याचा होता. फेब्रुवारी २००१ मध्यें मुंबईच्या सिप्ला कंपनीनें, डॉ. युसुफ हमीद यांच्या नेतृत्वाखालीं, असें त्रिविध औषध वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनहि कमी दरानें, ‘सीमारहित डॉक्टर’ या संस्थेस देऊं केलें. पुढें तर किंमत याहूनहि पुष्कळ उतरली.

दुसरी समजूत अधिक अपमानकारक आहे. गरीब व अशिक्षित लोक वेळेवर गोळ्या घेणार नाहींत, असें मोठमोठे अधिकारी म्हणत. २००१ सालीं अमेरिकेच्या परदेशी साहाय्य खात्याच्या प्रमुखानेंच आफ्रिकेंतील लोकांविषयीं हा आक्षेप जाहीरपणें घेतला. परंतु अनेक पाहण्यांचा एकत्र हिशेब २००६ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत औषध नीट घेणाऱ्यांचें प्रमाण उत्तर अमेरिकेंत शेंकडा ५५, तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेंत शेंकडा ७७ आढळलें! हैतीच्या खेड्यांत डॉ. पॉल फार्मर यांच्या सहकाऱ्यांनीं तर गांवचेच कार्यकर्ते शिकवून रोग्यांच्या घरीं रोज औषध पोंचतें केलें. खंड पडतो तेथें पुष्कळदां दोष रोग्याचा नसतो; दवाखान्याची लांबची वाट, गाडीभाडें आणि संपलेला साठा हीं त्याचीं कारणें असतात.

तिसरी समजूत अशी कीं, आतां प्रश्न सुटला. प्रगति झाली, हें खरें. आपल्या देशांत १ एप्रिल २००४ पासून सरकार हें औषध मोफत देऊं लागलें. २०२३ च्या अखेरीस जगांतील सुमारें ३ कोटी ९९ लक्ष बाधितांपैकीं ३ कोटी ७ लक्ष लोकांना उपचार मिळत होते. पण उरलेल्यांचें काय? त्याच वर्षीं बाधित मुलांपैकीं केवळ शेंकडा ५७ जणांनाच औषध मिळत होतें. शिवाय गोळी स्वस्त झाली, तरी रक्ताची तपासणी, परिचारिका व वाहतूक यांना पैसा लागतोच. जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेनें परदेशी मदत एकाएकीं स्थगित केली, तेव्हां आफ्रिकेंतील कित्येक दवाखान्यांचीं दारें बंद झालीं. आणि हें औषध थांबवून चालत नाहीं. तें जन्मभर घ्यावें लागतें.

म्हणून, बंधुभगिनींनो, ‘गरिबाला तें जमणार नाहीं’ असें कोणीं म्हटल्यास त्याला एवढेंच विचारावें : तें त्याला कधीं दिलें होतें काय?