स्तनाचा कर्करोग : दोन नोंदवह्यांची साक्ष



भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत सुरू केली. त्या नोंदींचा समाजवार अभ्यास डॉ. डी. जे. जस्सावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तेव्हा पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांतील स्त्रियांपेक्षा बरेच अधिक आढळले. पारशी समाजात वृद्ध अधिक, म्हणून असे असेल, ही शंका साहजिक आहे. परंतु वयोमानाचा हिशेब करूनही तफावत उरली. उलट, गर्भाशयमुखाचा कर्करोग याच समाजात कमी आणि हिंदू स्त्रियांत अधिक होता.

उशिरा विवाह, उशिरा पहिले बाळंतपण, थोडी मुले आणि अविवाहित स्त्रियांची मोठी संख्या ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. आनुवंशिकतेचाही वाटा असतो. पण सर्व भार तिच्यावर टाकता येत नाही. आज मुंबईतील एकूण स्त्रियांतच या रोगाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मागे टाकले आहे. दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही, राहणी बदलते.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागाची नोंदणी सुरू झाली. तेथील प्रमाण मुंबईच्या मानाने कमीच आढळले. समाधान मानण्याची घाई मात्र करू नये. रोग होणे आणि रोगाने मरणे या निराळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. मग मजुरी बुडेल, घरी कोणाला सांगावे, या विचारात खेड्यातील बाई दिवस काढते, आणि रुग्णालयात पोहोचते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील गरीब वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्यांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग आधीच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मात्र तशी घट दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे.

राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रियांची अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा अपेक्षित आहे. पंचायतीने त्यासाठी पेरणी-सुगीचे दिवस टाळावेत, आडोशाची खोली द्यावी, तपासणारी स्त्रीच असेल हे पाहावे. आणि संशय आलेल्या बाईसोबत जिल्हा रुग्णालयात कोण जाणार, हे त्याच दिवशी ठरवावे.