गाडीची उंची उतरवताना

हौशी मोटारमालकांत एक प्रघात चांगलाच रुजला आहे. गाडी जमिनीशी थोडी लगटून दिसावी म्हणून तिच्या मूळ स्प्रिंगा काढावयाच्या, त्या जागी आखूड व अधिक ताठर स्प्रिंगा बसवावयाच्या, आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र कारखान्याचेच राहू द्यावयाचे. पुण्याजवळ चाकण येथे २००९ पासून २०२२ पर्यंत तयार झालेली फोक्सवॅगन पोलो, आणि त्यातही २०१३ साली आलेली तिची जीटी टीएसआय ही चपळ आवृत्ती, या हौसेची विशेष मानकरी. तिचे उत्पादन थांबले. परंतु दिल्लीपासून बंगळूरपर्यंत ती रस्त्यांवर दिसते, आणि तिच्या मालकांची पृच्छाही बहुधा एकच असते : नुसत्या स्प्रिंगांवर भागेल काय?

शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे नाव मोठे फसवे आहे. (गॅरेजातील कारागिरांनी त्याचे 'शॉकअप' केले आहे, ते निदान काही सांगण्याचा आव तरी आणीत नाही.) धक्का झेलते ती स्प्रिंग. पण झेललेला धक्का ती गिळून टाकीत नाही, परत फेकते. आणि तिला आवर घातला नाही तर गाडी खड्ड्यानंतर कितीतरी वेळ झुलत राहील. हा आवर शॉक अ‍ॅब्सॉर्बर घालतो. त्याच्या नळीतील तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून कष्टाने वाट काढते आणि त्या ओढाताणीत झुलण्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. तेव्हा स्प्रिंग किती ताठर आहे हे पाहूनच कारखाना ही छिद्रे ठरवितो. समजा, नवी स्प्रिंग २५ टक्क्यांनी अधिक ताठर आहे. गाडीचे झुलणे त्यामुळे सुमारे १२ टक्क्यांनी जलद होते आणि जुन्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा तिच्यावरील वचक सुमारे १० ते ११ टक्क्यांनी उतरतो. ही तूट फार नव्हे. चांगल्या स्थितीतील शॉक अ‍ॅब्सॉर्बर ती निभावून नेतो. पण साठ-सत्तर हजार किलोमीटर धावून जो आधीच ढिला झाला आहे, त्याच्यावर हा वाढीव बोजा टाकणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

खरी अडचण मात्र या तुटीत नाही; ती चाकाला वर सरकण्यास उरणाऱ्या जागेत आहे, आणि हिशेब करावयाचा तो तिचाच. उदाहरणादाखल, मूळ गाडीत चाकाला वर जाण्यास ८० मिलिमीटर जागा आहे असे धरू. गाडी ३० मिलिमीटर उतरविली की ५० उरली. जो धक्का पूर्वी ८० मिलिमीटरांत जिरत असे तो आता ५०मध्ये जिरवावयाचा, तर स्प्रिंग अडीचपटीहून अधिक ताठर हवी. कारण हे प्रमाण अंतराच्या वर्गाने वाढते. आपण बसविली ती सव्वापट! उरलेला धक्का कोण घेणार? दट्ट्याच्या दांड्यावर रबरासारख्या पदार्थाचा एक ठोकळा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. सगळा भार त्याच्यावर येतो. घाटाच्या वळणावर, पावसात, बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक एखाद्या उंचवट्यावरून गेले आणि नेमके त्याच क्षणी ते या ठोकळ्यावर टेकले, म्हणजे त्या कोपऱ्याची लवचीकता एकाएकी नाहीशी होते आणि टायरची पकड सुटू लागते. हौसेचा प्रश्न तेथे जिवाचा होतो.

माझा भाचा एकदा मोठ्या उत्साहाने सांगू लागला, "मामा, गॅरेजवाला म्हणतो तो ठोकळा अर्धा कापू, जागा वाढेल." जागा वाढते हे खरे; पण त्या जागेच्या शेवटी आता दट्ट्या नळीच्या तळावर आदळतो. ठोकळा कापावयाचा तर आखूड नळीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरबरोबर, तोही निर्मात्याने सांगितला असेल तेवढाच.

आपल्या रस्त्यांचा विचार यात टाळता येत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. गल्लोगल्ली रातोरात उगवणारे गतिरोधक ही शिफारस वाचून उगवत नाहीत. त्यातून गाडीत पाच माणसे व सामान असले म्हणजे मागचा भाग आधीच दबलेला.

कायद्याचेही एक अंग आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये त्याचा अर्थ कडकपणेच लावला. तेव्हा काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

इतके होऊनही कोणाची हौस कायम असेल, तर उतरण २०-२५ मिलिमीटरांपलीकडे नसावी आणि चाक लोंबते सोडले तरी स्प्रिंग आपल्या बैठकीत घट्ट राहिली पाहिजे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुने असतील तर त्या स्प्रिंगांना जुळणारे नवे त्याच वेळी घ्यावेत. पोलोच्या पुढच्या बाजूस स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच खांबावर असतात. एक बदलावयाचा तरी सारा खांब उतरवावाच लागतो, आणि नंतर व्हील अलाइनमेंट आलेच. सहा महिन्यांनी दुसऱ्या भागासाठी गाडी पुन्हा आणली, की ही मजुरी नव्याने मोजावी लागते.