गिटार शिकताना मी उलट्या दिशेने चाललो होतो

आज विषय आहे गिटार, आणि ती शिकायची पद्धत बदलण्याचा.

मी मीरा रोडला राहतो. गिटार आणून दोन वर्षं झाली होती. चार्ट बघून जी, सी, डी हे कॉर्ड बसले होते, 8-10 गाणी वाजवता येत होती. मग गणपतीत, सोसायटीच्या मंडपात, आरतीनंतर एका काकूंनी भावगीत म्हणायला घेतलं. ‘‘अरे, तू वाजव ना!’’ ते गाणं मी घरी शंभर वेळा वाजवलेलं. पण काकूंनी सूर लावला काळी पाचचा आणि माझा हात तिथेच थांबला. मला गाणं येत नव्हतं हो, फक्त बोटांच्या जागा पाठ होत्या! शेजारी पेटी वाजवणारे आजोबा मात्र सहज सुरू झाले. तो प्रसंग मला लागला.

घरी येऊन विचार केला, की आजोबा पहिल्यांदा काय शिकले असतील? सरगम, अलंकार. म्हणजे आधी कान, मग बोटं. मी बरोबर उलटं केलं होतं.

आता थोडं गणित, घाबरू नका. गिटारवरचा प्रत्येक फ्रेट म्हणजे पेटीची एक पट्टी, काळी धरून. 12 पट्ट्यांचं सप्तक, तसे 12 फ्रेट. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, कारण तार निम्मी केली की वरचा सा मिळतो. मोकळी तार सा धरा. मग दुसऱ्या फ्रेटवर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नी, बाराव्यावर सा. झाली सरगम, एकाच तारेवर!

मी महिनाभर तेवढंच केलं. तानपुऱ्याचं ॲप लावायचं, रोज 15 मिनिटं. पाठ असलेलं एखादं भजन चार्ट न बघता त्या एका तारेवर शोधायचं. सुरुवातीला एक ओळ सापडायला तीन दिवस लागले. पण जी सापडली ती विसरली नाही.

मग कॉर्डकडे वळलो, तेव्हा उलगडा झाला. जी, सी, डी म्हणजे जी धरून सा, म, प. ए धरलं तर ए, डी, ई. नावं बदलली, नातं तेच. आणि काकूंची काळी पाच? तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावायचा आणि जी, सी, डीचेच आकार धरायचे. एवढंच होतं हो ते! मंडपात हे माहीत असतं तर...

आपल्याकडे हा विचार नवा नाही. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली, तारेवरून सळई फिरवून वाजवली आणि राग मांडले. 1967 सालचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐका. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार. मींड हवी होती, फ्रेट आड येत होते, तर त्यांनी वाजवण्याची पद्धतच बदलली. आधी संगीत डोक्यात होतं, वाद्य त्याच्यामागे आलं.

याचा अर्थ शिक्षक नकोत, असा नाही. मनगट कसं ठेवायचं, अंगठा कुठे टेकवायचा, हे समोर बसलेला माणूसच दाखवतो; चुकीची सवय लागली की मनगट दुखतं. बार कॉर्डची घाई मात्र करू नका. बोटांना घट्टे पडेपर्यंत धीर धरा.

आणि ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्यांसाठी: भाईंदर ते चर्चगेट लोकलमध्ये गिटार काढता येत नाही, पण हेडफोनवर गाणं ऐकून सा कुठे आहे, हे शोधता येतं. मनातल्या मनात गुणगुणा. तोही रियाजच.

यंदा गणपतीत काकूंनी पुन्हा गाणं म्हटलं. मी आधी विचारलं, ‘‘काकू, पट्टी कोणती?’’ आणि कॅपो लावला. दोन ठिकाणी चुकलो, पण थांबलो नाही.

आज घरी एकच करून बघा. एक तार, एक भजन, चार्ट बंद. काय सापडलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.