काट्याची साक्ष

अमेरिकेतील कोलोराडो राज्यात डेन्व्हर शहराहून पश्चिमेकडे निघालेला हमरस्ता रॉकी पर्वताची चढण चढत सुमारे 11,000 फूट उंचीवरील आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशी पोहोचतो, आणि मागे घोड्यांचा, नौकेचा अथवा घरवजा ट्रेलर जोडून त्या वाटेने निघालेल्या पिकअप ट्रकांची उन्हाळ्यात तेथे रीघ लागते. समुद्रसपाटीवर हवेचा जेवढा दाब असतो त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश दाब त्या उंचीवर उरतो. म्हणजे इंजिनाला श्वास अपुरा आणि ओझे मात्र पुरेपूर. अशा वेळी कारखान्याने डॅशबोर्डवर बसवून दिलेले तीन-चार काटे बहुधा मधोमध उभे राहून सर्व क्षेमकुशल असल्याची ग्वाही देत असतात. आणि तरीसुद्धा त्या ट्रकाचा मालक बाजारातून आणखी दोन-तीन मीटर विकत आणतो, एक सबंध रविवार खर्ची घालतो आणि ते आपल्या हातांनी बसवतो. हा निव्वळ हौसेचा मामला आहे अशी आपली समजूत होणे स्वाभाविक आहे, आणि काही अंशी ती खरीही आहे. परंतु हौसेखेरीज या खटाटोपात जे आहे, त्याविषयी आज चार शब्द सांगावे असा विचार आहे.

कारखान्याचे काटे सरसकट खोटे बोलतात असा आरोप करणे अन्यायाचे होईल. ते कितपत खरे बोलतात याची चौकशी मात्र करण्याजोगी आहे. फोर्ड कंपनीच्या पिकअपांचेच उदाहरण घ्या. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कित्येक वर्षे या गाड्यांच्या डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा काटा दिमाखाने विराजमान असे, कमी-अधिकाच्या खुणाही शेजारी रेखलेल्या असत. पण इंजिनाच्या अंगी दाब मोजणारे उपकरण नसून एक साधा स्विच बसवलेला असे. तेलाचा दाब दर चौरस इंचास सुमारे 6 पौंडांपलीकडे गेला की हा स्विच जुळतो, डॅशबोर्डमागील 20 ओहमांच्या रोधकातून नेमून दिलेला प्रवाह वाहू लागतो आणि काटा मध्यावर येऊन स्थिरावतो. मग दाब 60 पौंड असो की 8 पौंड, काट्याला त्याचे सोयरसुतक नाही. मुलखात दुष्काळ पडो की दंगा होवो, हुजुरांच्या जिवाला घोर नको म्हणून रोजच्या रोज रयत सुखी असल्याचेच लिहून धाडणारा एखादा वाकनीस आणि हा काटा यांत मला काही फरक दिसत नाही.

या व्यवस्थेचे जे कारण सांगितले जाते तेही ऐकण्यासारखे आहे. निरोगी इंजिनातसुद्धा तेल तापले आणि गती मंदावली की दाब उतरतो, गती वाढली की चढतो. हा सर्वस्वी स्वाभाविक चढउतार पाहून घाबरलेले गिऱ्हाईक तक्रार घेऊन विक्रेत्याच्या दारात उभे राहते. तेव्हा गिऱ्हाइकाला समजावीत बसण्यापेक्षा काट्यालाच गप्प करणे सोपे. पाण्याच्या तापमानाचा काटाही अलीकडच्या अनेक गाड्यांत असाच शांतवलेला असतो: बऱ्याच मोठ्या टप्प्यात पाणी तापो वा निवो, तो जागचा हलत नाही, आणि हलतो तेव्हा गाडी बाजूला घेण्यापलीकडे चालकाच्या हाती फारसे काही उरलेले नसते. जाणत्या मालकांनी फोर्डच्या त्या रोधकाला तारेने वळसा घालून आणि जुन्या गाडीचा खराखुरा दाब मोजणारा सेन्सर आणून त्याच काट्याला पुन्हा बोलते केले, हे त्यांचे कौतुक.

मीटर विकत आणणे हे या कामातील सर्वांत सोपे अंग होय. तबकडी कितीही देखणी असली तरी तिच्यावरील काटा नेमका कशाला जोडला आहे आणि ती जोडणी कोणत्या ठिकाणी केली आहे, यावर त्याच्या साक्षीची किंमत ठरते. यांत्रिक मीटरात युजीन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने 1849 साली पेटंट घेतलेली चपटी वक्र नळी असते. आत दाब शिरला की ती सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाच्या त्या सूक्ष्म हालचालीने काटा फिरतो. विजेची गरज नाही, मध्यस्थ नाही, म्हणून त्याची साक्ष विश्वसनीय. पण त्यासाठी इंजिनाचे उकळते तेल एका बारीक नळीतून चालकाच्या गुडघ्यांपर्यंत आणावे लागते, आणि ती नळी कोठे घासून फुटली तर काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही. डिझेलची नळी तर केबिनमध्ये मुळीच आणू नये, असा या कामातील जाणत्यांचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे.

विजेच्या मीटरात द्रव बाहेरच राहतो. आत येते ती फक्त तार. परंतु एका तारेच्या सेन्सरला अर्थिंग मिळते ते त्याच्या स्वतःच्या आट्यांतून, इंजिनाच्या लोखंडामार्फत. गळती नको म्हणून एखाद्या अतिदक्ष मनुष्याने त्या आट्यांवर टेफ्लॉनच्या टेपचे वेढ्यावर वेढे दिले तर अर्थिंग दुबळे होते आणि प्रवाहाच्या वाटेत विनाकारण रोध वाढतो. पाण्याच्या सेन्सरचा रोध उष्णतेने कमी होत असतो. त्यामुळे हा फुकटचा वाढीव रोध मीटरास थंडाव्यासारखा भासतो आणि तापलेले इंजिन निवांत असल्याचे दिसते. चुकीने चुकावे तेही नेमके दिलासा देणाऱ्या बाजूने, ही या बाबतीतली खरी मेख आहे.

स्थानाचे महत्त्व ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात फार स्पष्ट दिसते. तळाच्या पात्रात सेन्सर बसवला तर काटा संथ राहतो आणि तेलाच्या सर्वसाधारण साठ्याचे तापमान दाखवतो. तोच टॉर्क कन्व्हर्टरमधून निघून कूलरकडे जाणाऱ्या नळीवर बसवला तर चढावर, ट्रेलर ओढताना, काटा झपाट्याने वर जातो आणि कन्व्हर्टर लॉक झाला की तितक्याच झपाट्याने उतरतो. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. पण पात्रातील तेलाचे 95 अंश सेल्सियस आणि नळीतील तेलाचे 95 अंश यांचा अर्थ एक नव्हे, आणि शेजारच्या मालकाचा आकडा आपल्या आकड्याशी ताडून पाहण्यापूर्वी त्याचा सेन्सर कोठे आहे हे विचारून घ्यावे.

आता या सगळ्यांत ज्याला खरोखर कसब लागते त्या पायरोमीटरकडे वळतो. डिझेल इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचे तापमान हा मीटर दाखवतो. त्याचे मूळ 1821 साली थॉमस सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाच्या नजरेस आलेल्या एका चमत्कारात आहे: दोन भिन्न धातूंच्या तारा टोकाशी जोडून ते टोक तापवले तर त्यांत अत्यल्प विद्युत् निर्माण होते. या कामी वापरल्या जाणाऱ्या क्रोमेल आणि अल्युमेल या जोडीत ती दर अंशास सुमारे 41 मायक्रोव्होल्ट भरते. एवढ्या क्षीण निरोपाच्या तारेला साध्या तांब्याचा जोड देऊन ती लांबवता येत नाही. आणि अमेरिकन रिवाजाप्रमाणे या जोडीत पिवळी तार धन व तांबडी तार ऋण असते, ही गोष्ट बॅटरीच्या तांबड्या तारेची सवय झालेल्या हाताला हमखास चकवते. तारा उलट जोडल्या की इंजिन तापत जाते आणि काटा शून्याच्या खाली जाऊ पाहतो.

सेन्सरची सळई टर्बोच्या अलीकडे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बसवणे हे उत्तम, कारण टर्बोतून पार पडेपर्यंत धुराची पुष्कळ उष्णता खर्च झालेली असते. पण त्यासाठी बिडाच्या मॅनिफोल्डला भोक पाडून त्यात आटे पाडावे लागतात, आणि टर्बोचे चाक मिनिटास लाखावर फेरे घेणारे. त्यात लोखंडाचा एक कण गेला तर काय होईल या धास्तीनेच बहुतेक लोक या कामापाशी अडखळतात. जाणता मनुष्य आधी बारीक ड्रिल घेतो, मग 7/16 इंचाचा. ड्रिलला आणि टॅपला घट्ट ग्रीस फासतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे आटे पाडीत वरचेवर टॅप बाहेर काढून पुसतो, कारण बिडाचा कीस वळ्यांनी न निघता रवाळ भुकटीसारखा निघतो आणि ग्रीसला काळा चिकटून येतो. शेवटी बारीक लोहचुंबक भोकातून आत फिरवून उरलेसुरले वेचतो. कित्येक जण शेवटचा पापुद्रा छेदताना इंजिन मंद चालू ठेवतात, म्हणजे धुराच्या झोताबरोबर कीस बाहेरच उडतो. ही युक्ती चांगली, पण डोळ्यांवर चष्मा नसेल तर करू नये.

अखंड चढणीवर हा काटा 1,250 अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे सुमारे 675 अंश सेल्सियसच्या, वर रेंगाळू देऊ नये असा जुन्या डिझेल पिकअपांबाबतचा रूढ संकेत आहे. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सियसला वितळते आणि पिस्टन ॲल्युमिनियमचेच असतात. मग ते तत्काळ का वितळत नाहीत? कारण तो तप्त वायू त्यांच्यापाशी क्षणमात्रच असतो आणि खालून तेलाचा फवारा त्यांना निववीत असतो. या दोन गोष्टींच्या भरवशावर किती काळ राहायचे, हे काटा पाहून चालकाने ठरवावे आणि पायाचा भार हलका करावा.

एका मीटराविषयी मात्र माझे मत अगदी निश्चित आहे. 1998च्या मध्यापासून 2002पर्यंतच्या, कमिन्स इंजिनाच्या डॉज रॅम पिकअपांत बॉशचा व्हीपी44 हा इंजेक्शन पंप आहे, आणि त्याला वंगण व गारवा दोन्ही मिळतात ते त्यातून वाहणाऱ्या डिझेलमुळेच. त्याला डिझेल पुरवणारा इंजिनाला लावलेला छोटा विजेचा पंप अशक्त होत जातो, तेव्हा मोठा पंप स्वतःच डिझेल ओढून घेऊन गाडी चालवीत राहतो; डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, ओढ कमी झाल्याचे जाणवत नाही, आणि मालकाला खबर मिळते ती तो महागडा पंप निकामी झाल्यावर. इंधनाच्या दाबाचा मीटर असेल तर काटा भाराखाली 10 पौंडांच्या खाली घसरताना बरेच आधी दिसतो. तेथील दाबाचे सततचे धक्के सेन्सरला मारक असतात, म्हणून सेन्सर ग्रीसगनच्या लवचीक नळीने दूर नेऊन मध्ये एक सूचीझडप बसवण्याची चाल पडली आहे.

वायरिंगची बाब थोडक्यात आटोपतो. फ्यूज स्वतंत्र असावा. तार पत्र्यातून जाते तेथे रबरी ग्रोमेट हवाच. मीटरातील दिव्याची तार डॅशबोर्डच्या मंद-प्रखर करणाऱ्या बटणाला जोडावी, नाहीतर रात्री डोळे दिपतात. काचेशेजारच्या खांबावर मीटर लावण्याची मोठी फॅशन आहे. परंतु ज्या गाडीत त्या खांबाच्या आवरणामागे एअरबॅग असते तिथे हा मोह टाळावा. मीटर थोडा फिरवून, सर्व ठीक असताना काटा सरळ उभा राहील असा बसवण्याची शर्यतीच्या मोटारींतील रीत मला फार आवडते, कारण तिरका झालेला काटा आकडा न वाचताच नजरेत भरतो. टर्बोच्या दाबाचा मीटर बहुतेक जण सर्वांत आधी घेतात. मी तो सर्वांत शेवटी घेतला असता.

आणि तापमानाचा कोणताही नवा मीटर बसवण्यापूर्वी त्याची रुजुवात घरीच करून घ्यावी: सेन्सरचे धातूचे अंग बॅटरीच्या ऋण टोकाशी तारेने जोडून टोक उकळत्या पाण्यात धरावे आणि काटा कोठे थांबतो ते लिहून ठेवावे. समुद्रसपाटीला तो 100 अंशांवर थांबला पाहिजे. डेन्व्हरसारख्या मैलभर उंचीच्या शहरात मात्र पाणी सुमारे 95 अंशांवरच उकळते, तेव्हा तेथे काटा 95वर थांबला तर मीटर दुकानदाराला परत करू नये.