गाडी मोडली, शेजार मोडू नका

वैरागला दारात लावलेली माझी मोटारसायकल शेजारच्या भाऊंच्या ट्रॅक्टरनं मागं येताना पाडली. हँडल वाकलं, आरसा फुटला. राग आलाच. पण वहिनी आमच्याच गटात; भांडण पेटलं असतं, तर गट फुटला असता.

म्हणून आधी फोटो काढले, मेस्त्रीकडून खर्च लिहून घेतला, मग बोलायला गेले. १२०० रुपये दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या.

समोरचा ऐकतच नसेल, तर त्याच्या ट्रॅक्टरच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येते. मुद्दाम मोडतोड केली असेल, तर तो गुन्हा आहे; पोलिसांत तक्रार द्या.

बायांनो, गटात आपण दहा रुपयेसुद्धा वहीत लिहितो. शेजारातही तसंच लिहा. हिशोब चोख, तर शेजार टिकतो.