एका वहीत मावणारा धंदा



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर, राजकारणावर, वेदान्तावर पुष्कळ बोलले जाते. आज मी दुकानदारीवर बोलणार आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या मंडळींचे या बाजारपेठेत दुकान आहे आणि उरलेल्या निम्म्यांची त्या दुकानांत उधारी आहे. तेव्हा विषय कोणालाच परका वाटू नये.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांचे वह्यापुस्तकांचे दुकान होते. शाळा उघडल्या की जूनमध्ये गर्दी, एरवी बेताचेच गिऱ्हाईक. पण रात्री कीर्द लिहून झाली की आज काय आले, काय गेले आणि गल्ल्यात काय उरले, हे वडिलांना तोंडपाठ असे. पुढे कोणी सुचवले म्हणून त्यांनी स्टीलची भांडी ठेवली. मग खेळणी आली, मग घड्याळे आली. प्रत्येक नव्या मालाबरोबर नवा व्यापारी, नवी उधारी आणि नवी वही आली. वह्या पाच झाल्या. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा आपले देणे किती आणि येणे किती, हे त्यांना सांगता येईना. मी महिनाभर त्या वह्या चाळल्या. देणे बरेच निघाले आणि ते फेडताना आईच्या पाटल्या गेल्या. वडील उधळे नव्हते, आळशी नव्हते, अप्रामाणिक तर मुळीच नव्हते. वह्यापुस्तकांचा व्यवहार अखेरपर्यंत नफ्यात होता. बाकीचा माल तो नफा खाऊन टाकीत होता, एवढे मात्र त्यांना कधी दिसले नाही.

आता दुसरी गोष्ट. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकाकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पुडकी झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. हाच पुढे ‘लिज्जत’ झाला. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी बाज आणि स्टोव्ह आणला. बाजेवर पापड, खाली स्टोव्ह! अडचण साधी होती, उपायही साधाच निघाला.

पण मला त्यांचे कौतुक वाटते ते त्यांच्या नकारांचे. त्यांनी आरंभी दोन प्रतींचे पापड केले होते, एक चांगल्या प्रतीचा आणि एक स्वस्तातला. पारेख, म्हणजे सर्वांचे छगनबापा, म्हणाले की एकच उत्तम प्रत ठेवा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. शिवाय हिशेब चोख ठेवा. बायांनी ते ऐकले. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, हेही त्यांनी ठरवले होते. दोन प्रती म्हणजे दोन पिठे, दोन भाव आणि दोन हिशेब. एका नकाराने केवढे काम वाचले पाहा!

कोणी म्हणेल, धंदा साधा ठेवला तर तो वाढायचा कसा? लिज्जत वाढला तो तीच साधी रीत पुन्हापुन्हा करून. पीठ शाखेत मळायचे, भगिनींनी ते घरी नेऊन लाटायचे, पापड परत आणून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. हे एका ठिकाणी जमले की दुसऱ्या ठिकाणी तेच. आज संस्थेत चाळीस हजारांहून अधिक भगिनी आहेत. सगळे पाऊल नीट पडले असेही नाही. १९६१ साली मालाडला काढलेली शाखा चालली नाही. पुढे कातडी वस्तू, काड्यापेट्या आणि उदबत्त्या करून पाहिल्या, तेही जमले नाही. पण पापडाचा पाया पक्का होता आणि कोणते काम साधत नाही हे कळत होते, म्हणून नको ते सोडता आले. माझ्या वडिलांना सोडता आले नाही, कारण काय सोडावे हेच त्या पाच वह्यांतून कळत नव्हते.

“गिऱ्हाईक मागते ते ठेवावेच लागते,” असे आपण म्हणतो. स्वस्त पापडालाही गिऱ्हाईक मिळालेच असते. मागणारा आपली गरज सांगून निघून जातो. पडून राहिलेला माल सांभाळायचा असतो आपल्याला. आता पैसे मोबाईलवर येतात, कराचा हिशेब संगणक करतो. सोय झाली, यात शंका नाही. तथापि यंत्र बेरीज करील. कोणता माल आपल्याला बुडवतो आहे, हे विचारण्याचे काम मालकाचेच आहे.

वडिलांच्या पश्चात मी दुकानात पुन्हा वह्यापुस्तकेच ठेवली. तेवीस वर्षे चालवले. श्रीमंत झालो नाही, पण आईला पाटल्या पुन्हा करून देता आल्या आणि रात्री झोप लागली.

आपणांस एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. आपण काय विकतो, कशात काय सुटते, कोणाचे देणे आणि कोणाकडून येणे, हे त्यावर लिहा. कागद पुरला नाही तर दुसरा घेऊ नका. धंद्यातले काय कमी करता येईल, ते पाहा.